वना, समोर

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझं काही म्हणणं नाही. पण सगळं वाचून झाल्यावर 'बाई, तिखटमीठ लावता' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून आधीच बोलून टाकते.

घडली ती माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत. आजोबा म्हणजे रुपचंद पेटीवाले, मूळ पिंप्राळ्याचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचे. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण मालकांची नातवंडं जळगावातच आहेत आणि लग्नकार्यात भेटतात. मालकांना आपण झुलालनाना म्हणू. हे नावही खरं नाही.

ठिकाण धरणगाव. साल १९२३. दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या खान्देशातली वैशाखातली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. हाक मारली तर आपलीच हाक आपल्याला परकी वाटते.

आता एक शब्द समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. वन्समोर. नाटकातलं पद आवडलं की प्रेक्षक ओरडतात तो. मूळ इंग्रजी शब्द आहे, 'आणखी एकदा' असा अर्थ. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसते ती त्या शब्दाची जरब. वन्समोर आला की नटाने परत गायचं. ताप असो, घसा बसलेला असो. एवढंच काय, नाटकातलं पात्र मेलेलं असलं तरी गायचं. नायिका विष पिऊन गात गात कोसळायची. लोक ओरडायचे. मग ती मेलेली बाई लुगडं सावरून उठायची, नमस्कार करायची, तेच पद पहिल्यापासून गायची आणि परत मरायची. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

ती विष पिणारी नायिका आबांच्या कंपनीत वना करायचा.

वना धरणगावजवळच्या एका खेड्यातल्या पाटलाचा पोरगा. अंगाने बारीक. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. वना मिसरूड रोज घोटून काढायचा, चेहऱ्याला सफेदा लावायचा, आणि लुगडं नेसून उभा राहिला की बायकासुद्धा त्याच्याकडून पदर कसा घ्यायचा ते शिकायच्या. आवाजाबद्दल मी काय सांगणार, मी ऐकलेला नाही. आबा सांगायला लागायचे आणि मध्येच थांबायचे.

वना कंपनीत नवा आला तेव्हाची एक गंमत आबा सांगत. भुसावळच्या मुक्कामात पहिल्याच खेळात त्याच्या पदाला वन्समोर आला. वना धावत पुढे आला, अगदी रंगमंचाच्या कडेपर्यंत. पुढच्या खेळाला तेच. त्या पुढच्याला तेच. शेवटी आबांनी विचारलं, बाबा, तू पडशील ना, एवढा पुढे कशाला येतोस? तर म्हणाला, लोकच बोलावतात ना, 'वना, समोर' म्हणून.

शाळेची पायरी न चढलेलं पोरगं. त्याला 'वन्समोर' हे 'वना, समोर' असंच ऐकू यायचं. आबा पोट धरून हसले. मग त्यांनी खरा अर्थ समजावला. की बाबा रे, हा शब्द सगळ्यांसाठीच आहे, तुझ्या नावाचा नाही.

वनाने ओठावरचा सफेदा पुसला. मग म्हणाला, "भाऊ, मंग त्या लोके मले नई बलावत व्हतात का?"

आबांना तेव्हा तेही गमतीचंच वाटलं.

पण धरणगावात ही चूक चूक राहिली नाही. तिथली माणसं त्याला ओळखत होती. पहिल्या खेळाला कंपनीच्याच दोन माणसांनी मागून 'वन्समोर' ओरडून सुरुवात करून दिली, तशी पद्धतच होती. गावाने ऐकलं, 'वना, समोर'. गावाला वाटलं, नाटकात असंच करायचं असतं. आवडलं की नाव घेऊन पुढे बोलवायचं. आणि सगळं गाव तेच ओरडायला लागलं.

आणखी एकदा, असं कोणी म्हणतच नव्हतं. सगळे वनाला बोलावत होते.

आखाजी आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण सकाळी आधी पितरांची घागर भरतात. मेलेल्यांची नावं घेऊन त्यांना जेवायला बोलावतात, चुलीत त्यांच्या नावाचा घास टाकतात. त्या दिवशी गावात घरोघर मेलेल्यांना हाक मारलेली असते. त्यांना जेवू घालून बायका मोकळ्या होतात. हे हेरून झुलालनानांनी दुपारचा खेळ लावला. फक्त बायकांसाठी.

जागा म्हणजे कापसाच्या जिनाचं, सरकी काढायच्या कारखान्याचं, रिकामं गोदाम. वर पत्रे. हंगाम संपलेला, कोपऱ्यांत सरकी पडलेली. आत शिरलं की भट्टीत शिरल्यासारखं व्हायचं. तरी बायका मावत नव्हत्या.

त्या सकाळी वनाची आई आली होती. सुंदरबाई. चाळीसगावच्या मुक्कामापासून वना रक्त थुंकत होता, ते तिला कोणीतरी कळवलं. ती पोराला घरी न्यायलाच आली होती. झुलालनाना तिच्याशी फार गोड बोलले. म्हणाले, अक्का, तिकिटं गेलेली आहेत, आजचा एक खेळ होऊ द्या, मग खुशाल न्या. आणि तिला सगळ्यात पुढे बसवलं. तिने पोराला रंगमंचावर कधी पाहिलं नव्हतं.

बसण्याआधी ती आबांपाशी आली. नानांवर तिचा भरवसा नसावा. म्हणाली, "रुपचंदभाऊ, आजना खेळ झाया का मी याले घर लई जासू. तुमी साक्षी शेतस."

आबा हो म्हणाले.

खेळ सुरू झाला. आबांची पेटी आणि रमजानचाचांचा तबला रंगमंचाच्या खाली, एका बाजूला. चाचा धरणगावचेच, कंपनीत आबांचे एकुलते एक दोस्त. दोघांनाही दिसत होतं की वनाच्या अंगात ताप आहे. चेहऱ्यावरचा सफेदा घामाने विरघळून गळ्यावर ओघळत होता. विंगेत गेला की पुसायचा, परत लावायचा.

शेवटचा अंक आला. विष प्यायची वेळ आली. वना गायला, आणि कोसळला.

"वना, समोर..."

वना उठला. आईकडे बघून जरा हसला. परत गायला.

पेटीवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाणारा श्वास कुठे घेतो ते. तेवढी फट पेटीने भरायची असते. वनाचे श्वास आबांना पाठ होते. त्या दुसऱ्या वेळी प्रत्येक श्वास लांबत होता. आबा पेटी ओढून ओढून ते झाकत होते. अंतऱ्यात तर तो नुसते ओठ हलवत होता. बायकांना कळलंही नाही.

पद संपलं. वना कोसळला.

बायका ओरडल्या, "वना, समोर..."

वना उठला नाही.

नानांनी घाईने पडदा पाडला. आबा पेटी सोडून मागे धावले. नाना वनाच्या नाकाशी कांदा धरून बसले होते. आबांनी त्याच्या नाकाखाली बोट धरलं. छातीला कान लावला. काही नव्हतं. तोंडातून आलेलं रक्त सफेद्यात मिसळून हनुवटीवर साकळलं होतं.

पोरगं संपलं होतं.

बाहेर तोच गजर चालला होता. त्यात सुंदरबाईचाही आवाज होता. इतर बायका ओरडतात म्हणून तीही ओरडत होती. आपल्या पोराला सगळा गाव नावाने बोलावतो, याचा तिला केवढा आनंद झाला असेल.

नाना म्हणाले, जा, सांग त्यांना, खेळ संपला म्हणून.

आबा पडद्याच्या बाजूने बाहेर आले. पडद्यासमोर उभे राहिले. हात जोडले. तोंड उघडलं...

आणि बायका एकदम गप्प झाल्या.

आबांना वाटलं, आपल्याला बघून गप्प झाल्या. पण त्यांच्याकडे कोणी बघतच नव्हतं. सगळ्या त्यांच्या मागे बघत होत्या.

पैंजण वाजले नव्हते... फळी करकरली नव्हती... पडदा हलला नव्हता.

आबांनी मान वळवली.

वना उभा होता.

पडद्याच्या पुढे. सगळ्यांच्या समोर. पदर नीट डोक्यावर. आणि चेहऱ्यावरचा सफेदा... कोरडा. नुकताच लावल्यासारखा. त्या भट्टीत सगळ्यांच्या अंगातून पाणी गळत होतं, आणि त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

तो गायला लागला.

रमजानचाचांना मागे काय झालं ते माहीतच नव्हतं. त्यांनी ठेका धरला. आबा खाली येऊन पेटीवर कसे बसले ते त्यांना कधीच आठवलं नाही. हात आपोआप चालले. पहिली ओळ झाली, श्वासाची जागा आली, आबांनी नेहमीसारखी फट भरायला सूर लावला...

फट आलीच नाही.

आवाज तसाच पुढे गेला. दुसरी ओळ, तिसरी ओळ, अंतरा. एकदाही श्वास नाही.

आबांनी एका हाताने पडद्याची कड उचलून आत पाहिलं. आत वना पडलेला होता. जसा होता तसाच. त्याच्या उशाशी नाना बसले होते आणि बाहेरचं गाणं ऐकत होते. त्यांची आणि आबांची नजर भेटली. नानांच्या डोळ्यांत आधी भीती होती. मग हळूहळू भीती गेली, आणि त्या जागी जे आलं ते आबांना भीतीपेक्षा वाईट वाटलं.

"रुपचंद," नाना हळूच म्हणाले, "वाजव."

आणि आबांनी वाजवलं. मी मोठी झाल्यावर त्यांना विचारलं, का वाजवलंत? म्हणाले, हात थांबेनात. असेल तसं. मला ते उत्तर पुरलेलं नाही.

पद संपलं. पडद्यासमोरचा वना कोसळला. टाळ्या पडल्या. आणि तो जिथे कोसळला तिथे... नुसत्या फळ्या होत्या. बायकांना वाटलं, कंपनीची करामत. त्या आणखी खूश झाल्या. परत हाक मारली.

तो परत आला.

गायला. मेला. परत हाक.

किती वेळा, ते आबांनी मोजलं नाही. मधल्या एका वेळी वनाने गाण्याआधी हात जोडले. नमस्कार नव्हता तो. तो विनवत होता. मान हलवून नको, नको म्हणत होता. बायकांना वाटलं, काय अभिनय आहे. त्यांनी डोळे पुसले आणि आणखी जोरात ओरडल्या.

मला या बायकांची चीड येते. आमच्याच बायका त्या, आमच्याच आज्या-पणज्या. सकाळी मेलेल्यांना पोटभर जेवू घालून आलेल्या. आणि दुपारी एका मेलेल्या पोराला खाली निजू देईनात.

तो प्रत्येक वेळी आईकडे बघत होता. सुंदरबाई शेजारणीला सांगत होती, लाजस तो, लहानपनपाइन असाच शे. आणि परत हाक मारत होती.

उन्हं कलली तेव्हा बायकांना चुली आठवल्या. त्या उठल्या. गोदाम रिकामं झालं. मग सुंदरबाई गाठोडं घेऊन पोराला न्यायला पडद्यामागे गेली.

तोवर देह ताठला होता.

तिने हात लावला. काढून घेतला. लुगड्याला पुसला. आबांना वाटलं, आता हंबरडा फोडेल. ती अगदी शांतपणे म्हणाली, "हाऊ मना वना नई शे. मना वना आते समोर उभा व्हता. बठ्ठास्नी दखा."

आबांनी तिचे पाय धरून सांगितलं. ती ऐकेना. आणि तिला खोटी तरी कोण ठरवणार? सगळ्या गावाने पाहिलं होतं. वनाला कंपनीच्या माणसांनी अग्नी दिला, तेव्हा त्याची आई स्मशानात आली नाही. कोणा परक्याच्या मयताला कशाला जायचं, म्हणाली. ती गोदामातच बसून राहिली. पोरगा बाहेर येईल म्हणून.

कंपनी धुळ्याला गेली. सुंदरबाई तिथेच राहिली.

पुढचं आबांना रमजानचाचांकडून कळत गेलं. ती रिकाम्या रंगमंचासमोर बसून हाक मारायची. आणि तो यायचा. चाचांच्या बायकोने, कनीजने, स्वतःच्या कानांनी गाणं ऐकलं. पेटी नाही, तबला नाही, नुसता आवाज, न थांबणारा.

श्रावणात आबा तिला बघायला गेले. ती फळ्यांपुढे बसली होती. समोर ताटलीत भाकरी. भाकरी वाळून वाकडी झाली होती. आबांकडे न बघताच ती बोलायला लागली. सुरुवातीला तिला बरं वाटलं होतं. पोरगा दिसतो, गातो. पण तो जेवत नाही. शेजारी बसत नाही. घरी चल म्हटलं तर ऐकत नाही. नुसता येतो, गातो, आणि पद संपलं की तिच्या डोळ्यांसमोर तडफडून मरतो. रोज.

"मी बलावस, आनि तो मरस," ती म्हणाली.

तिला आता कळलं होतं. त्या दिवसापासून तिने हाक मारली नाही. चाचा सांगत, ती तोंडात पदराचा बोळा घालून बसायची, झोपेत नाव निघू नये म्हणून.

पण तिने थांबवून काय होणार होतं? गावाला चव लागली होती. जिनातले हमाल पत्र्याच्या फटीतून ओरडायचे, "वना, समोर..." एरंडोलकडून लोक बैलगाड्या जुंपून यायचे. पाहुणे आले की त्यांना दाखवायला आणायचे. ती काठी घेऊन धावायची, शिव्या द्यायची, पाया पडायची. लोक तिला चुकवून दुसऱ्या बाजूने हाक मारायचे. मग आत गाणं सुरू व्हायचं, आणि ती काठी टाकून दोन्ही कान दाबून मातीत बसायची. लोकांना याचंही हसू यायचं.

पुढच्या आखाजीला झुलालनाना परत आले.

तेच गोदाम. तेच नाटक. दुपारचीच वेळ. जाहिराती छापून वाटल्या होत्या, काय छापलं होतं ते सांगायची मला लाज वाटते. आबाही होते. का गेलात, असं मी विचारलं. ते म्हणाले, कंपनी सोडली तर पेटी कुठे वाजवणार? हेही उत्तर मला पुरलेलं नाही.

शेवटच्या अंकापर्यंत दुसऱ्या नटाने काम केलं. विष प्यायची वेळ आली आणि पडदा पडला. गोदामात एवढ्या बायका होत्या की दारातून वारा येईना.  लेकरंसुद्धा गप्प झाली...

मागून एक बारीक आवाज आला, "वना, समोर."

मग सगळ्याच ओरडल्या.

तो आला.

आबांनी पाहिलं आणि त्यांचे पाय पेटीच्या भात्यावर थिजले. लुगडं तेच होतं. आवाज तोच. पण चेहरा... चेहरा वर्षभर वापरून पुसत आला होता. नाक धड कळत नव्हतं. डोळ्यांच्या जागी नुसता सफेदा. तरी त्याने मान वळवून पुढच्या रांगेत आईला शोधलं. आई तिथे नव्हती. तिला दाराशीच अडवून ठेवलं होतं.

तो गायला. कोसळला. बायकांनी श्वास सोडला आणि परत हाक मारली.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. सुंदरबाई सुटली होती. बायकांच्या अंगावरून, खांद्यांवरून वाट काढत ती रंगमंचावर चढली. पडद्यासमोर, जिथे तो येतो तिथे, उभी राहिली. पदर दोन्ही हातांत धरून दोन्ही बाजूंना ताणला. आडोसा करतात तसा.

"आते ज्यासले बलावनं व्हई त्यासनी मले बलावा," ती म्हणाली.

आधी बायका हसल्या. मग चिडल्या. हाकांवर हाका सुरू झाल्या. "वना, समोर." तो आला नाही. "वना, समोर." आला नाही. ती बाई हलली नाही. कोणीतरी सरकी फेकली, कोणी चप्पल मारली. भुवई फुटून रक्त डोळ्यात गेलं, तरी पदर खाली आला नाही. नाना विंगेतून तिला खेचायला गेले. आबांनी त्या दिवशी एकच चांगली गोष्ट केली. पेटीवरून उठून नानांचा हात धरला.

शेवटी बायका शिव्या देत, बाकं उलथत बाहेर पडल्या. पैसे परत मागायला लागल्या.

सगळं रिकामं झालं. सुंदरबाई उभीच होती. आबांनी जवळ जाऊन सांगितलं, अक्का, गेले सगळे. ती हळूच खाली बसली. पत्र्याखालचं ते ऊन, पोटात अन्न नाही, पाणी नाही. आबा पाणी आणेपर्यंत ती गेली.

हात मात्र ताणलेलेच राहिले. तिरडीवर बांधताना ते दुमडेनात.

झुलालनानांना काही झालं नाही. त्यांनी धुळ्यात मोठं घर बांधलं, नातवंडं पाहिली, आणि झोपेत शांतपणे वारले. भुताने सूड घेतला असं ऐकायची ज्यांना सवय आहे त्यांनी दुसरीकडे जावं. असं काही होत नसतं.

त्या दिवशी ज्यांनी सुंदरबाईला डोळ्यांनी पाहिलं, त्यांतल्या दोघीतिघींच्या घरात वन्समोर हा शब्द बंद झाला. मुलीबाळींनी गाणं परत म्हणावं असं वाटलं तर त्या 'आखो', म्हणजे 'आणखी', एवढंच म्हणायच्या. आमच्या घरीही तेच. आणि ते पद आमच्याकडे कोणी म्हणत नाही, म्हणून त्याचे शब्द मी इथे लिहिले नाहीत.

आता शेवटचं. हे आबांनी फार उशिरा सांगितलं, आणि फक्त मला.

साल १९४६. आबा एका लग्नाला धरणगावला गेले होते. वय झालं होतं. जेवणं आटोपल्यावर लोक आडवे झाले आणि आबांचे पाय आपोआप त्या गोदामाकडे वळले. जिन बंद पडलं होतं. दाराला कुलूप नव्हतं. आत पत्र्यांच्या भोकांमधून उन्हाचे कवडसे पडले होते. रंगमंचाच्या चार फळ्या अजून शिल्लक होत्या.

इतकी वर्षं त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. पोरगं सुटलं का? आईने जीव दिला, त्यानंतर कोणी त्याला पाहिलं नव्हतं. पण बाईचा जीव गेलेल्या जागी हाक मारायला कोणी धजलंही नव्हतं. हाक मारली आणि तो आला नाही, तर सुटला म्हणायचं. तेवढं कळलं असतं तर म्हातारा निवांत मेला असता.

आबा फळ्यांपुढे जाऊन उभे राहिले. मग हळूच, जेमतेम ओठांतल्या ओठांत म्हणाले...

"वना, समोर."

काही झालं नाही.

बाहेर कुठेतरी कबुतर घुमत होतं. आबांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. सुटला बिचारा, असं मोठ्याने म्हणाले. डोळे उघडले...

कबुतराचा आवाज बंद झाला होता.

फळ्यांवर सुंदरबाई उभी होती.

तशीच. पदर दोन्ही हातांनी ताणलेला. भुवईवरचं रक्त सुकलेलं. ती रागावलेली नव्हती. फार दमलेली होती. सगळी कामं उरकून टेकावं आणि कोणीतरी दार वाजवावं, तेव्हा बाईचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा होता.

"रुपचंदभाऊ," ती म्हणाली, "त्यानासंगे आखो काय काम शे?"

 काय सांगणार? तू सुटलास का, हे विचारायला त्याला परत बोलावलं, असं? आबांनी लाजेने मान खाली घातली.

मान खाली घातली म्हणून दिसलं.

तिच्या ताणलेल्या पदराची कड फळ्यांपासून वीतभर वर होती. त्या खाली तिची पावलं दिसत होती, अनवाणी, भेगाळलेली. आणि तिच्या पावलांच्या मागे, अगदी चिकटून, आणखी दोन पावलं होती. बारीक, आळता लावलेली. एक पाऊल पुढे यायला निघालं होतं. टाच उचललेली होती. हाक आली की यायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि आई आपल्या पायाने ते पाऊल मागे दाबून धरत होती.

आबा तिथून कसे निघाले ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावला नाही.

मी हे लिहायला घेतलं त्याला बरेच दिवस झाले. तो शब्द किती वेळा लिहिला गेला ते माझ्या आता लक्षात येतंय. लिहिलेलं वाचताना माणूस मनात तरी उच्चारतोच. तुम्हीही उच्चारला असेल. त्या बाईला आज किती जोर लावावा लागला असेल, हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.